पतंगाचे छायाचित्र ओळख पटवण्याजोगे कसे घ्यावे

रात्री अंगणातील दिव्याभोवती येणारे पतंग ओळखायचे असतील, तर उडत्या पतंगामागे धावण्याऐवजी पांढरी चादर ताणून बांधावी, तिच्यासमोर अतिनील किरणांचा दिवा लावावा आणि ते कापडावर स्थिरावण्याची वाट पाहावी. उबदार, दमट, वारा नसलेली आणि चांदणे नसलेली रात्र यासाठी उत्तम. दिव्याकडे मात्र थेट पाहू नये.

पहिले छायाचित्र पाठीच्या बाजूने, कॅमेरा पंखांना समांतर धरून घ्यावे, कारण तिरप्या कोनातून पंखांवरील रेषा आणि ठिपके यांच्या जागा फसव्या दिसतात. दुसरे बाजूने घ्यावे, म्हणजे शृंगिका (डोक्यावरील स्पर्शिका) आणि पंख मिटण्याची ढब टिपली जाते. ही ढब रंगापेक्षा विश्वासार्ह असते, असे माझे मत आहे: जिऑमेट्रिडी कुळातील बहुतेक पतंग पंख सपाट पसरून बसतात, तर स्फिंजिडी कुळातील पतंगांचे निमुळते पंख मागे वळलेले असतात. एका छायाचित्रात शेजारी मोजपट्टी ठेवावी. थेट फ्लॅशने पंखांवरील खवले चकाकतात, म्हणून फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावावा.

ओळखताना आधी कूळ ठरवावे, मग प्रजातीकडे वळावे. काही प्रजाती जननेंद्रियांच्या तपासणीशिवाय वेगळ्या करता येत नाहीत; तेथे वंशाच्या (प्रजातीच्या वरच्या गटाच्या) नावावर थांबणेच प्रामाणिकपणाचे.

उजाडण्यापूर्वी दिवा बंद करून चादरीवरील पतंग हलकेच झुडपांत सोडावेत, नाहीतर पहाटे पक्षी त्यांना आयतेच टिपतात.