वक्त्यांची ओळख करून देताना: गोव्यातल्या नव्या सूत्रसंचालकांसाठी

गावच्या वाचनालयातले व्याख्यान असो, देवळाच्या मंडपातला सत्कार असो की रवींद्र भवनातला मोठा कार्यक्रम, सूत्रसंचालन आपल्याकडे बहुधा ऐनवेळी कुणाच्या तरी गळ्यात पडते. ‘तुझं मराठी बरं आहे, तूच कर.’ मीही अशीच या कामात आले. माइकसमोर पाय थरथरू नयेत असे वाटत असेल तर आठवडाभर आधी कामाला लागावे.

पहिले काम फोनचे. वक्त्यांना स्वतः फोन करा. छापील परिचय आला म्हणून गप्प बसू नका. नेमके कशावर बोलणार, परिचयात काय हवेच आणि काय नको, एवढे विचारा. शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण उत्तर ऐकताना समोरच्या माणसाचा आवाज मोकळा होतो. तुमचीही अर्धी भीती तिथेच जाते, कारण त्या दिवशी मंचावर ओळखीचे माणूस येणार असते.

दुसरे, नाव आणि गाव. इथे मी हट्टी आहे. आपल्याकडे परिचय पुष्कळदा इंग्रजीत येतो आणि गावांची स्पेलिंगे पोर्तुगीज वळणाची असतात. ‘एक्स’ने सुरू होणारे ते शेल्डे, ‘क्यू’ने सुरू होणारे ते केपे, आणि ‘बी’ने सुरू होते ती डिचोली! शेवटी ‘एम’ दिसला तरी ओठ मिटायचे नाहीत. सुरुवातीच्या काळात मी एका पाहुण्यांच्या गावाचे नाव स्पेलिंगप्रमाणे वाचले. सभागृहात कुजबुज झाली आणि त्यांचा चेहरा पडला. तो चेहरा मी विसरलेले नाही. आता नाव, आडनाव, गाव मी फोनवरच त्यांच्या तोंडून ऐकते आणि लगेच देवनागरीत उतरवून घेते. ‘सर’ म्हणायचे, ‘बाई’ म्हणायचे की कोकणी रिवाजाने नावापुढे ‘बाब’ लावायचे, तेही तेव्हाच ठरवावे.

मग परिचय लिहा. तो दोन मिनिटांत संपला पाहिजे. पदव्या, पुरस्कार, समित्या यांची यादी वाचू लागलात की लोक पंख्याकडे बघू लागतात. आज, या विषयावर, हेच माणूस का, एवढेच श्रोत्यांना कळायला हवे. समजा, धर्मानंद कोसंबी आज पणजीत बोलायला उभे राहणार आहेत. ‘पालीचे प्राध्यापक, अनेक ग्रंथांचे लेखक’ हे खरे, पण त्याने कुणी कान टवकारणार नाही. त्याऐवजी असे म्हणून बघा: ‘१८७६ साली सांकवाळला जन्मलेल्या एका तरुणाने मराठीतून बुद्धाविषयी वाचले आणि त्या ओढीने घर सोडले. शिकण्यासाठी तो नेपाळात गेला, श्रीलंकेत गेला. शालेय शिक्षण फारसे नसलेला हा माणूस पुढे हार्वर्डमध्ये पालीच्या ग्रंथावर काम करत होता. ज्ञानासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे आज आपण त्यांच्याकडूनच ऐकणार आहोत. धर्मानंद कोसंबी.’ नाव शेवटी आले की टाळ्या आपोआप येतात. वक्त्याचा मुद्दा मात्र आधीच सांगून टाकू नका. तो त्यांचा आहे.

लिहिलेले मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. जीभ अडखळते तो शब्द बदला. ‘स्थानापन्न व्हावे’ जड जात असेल तर ‘मंचावर यावे’ पुरे. पहिली तीन वाक्ये आणि शेवटचे एक पाठ करा, बाकीचे जाड कागदावर मोठ्या अक्षरात असू द्या. मोबाइलवरून वाचू नका. पडदा नेमका नको तेव्हा विझतो.

कार्यक्रमाच्या तासभर आधी पोचा. रिकाम्या सभागृहात माइकवर दोन वाक्ये बोलून बघा, साउंडवाल्याशी ओळख करून घ्या. माइकवर टिचकी मारू नका, फुंकू नका. पावसाळ्यात जनरेटरची चौकशी करावी. समईच्या वाती तेलात आधी भिजवून टोकांना कापूर लावून ठेवावा, म्हणजे वाऱ्यातही दीपप्रज्वलन रेंगाळत नाही.

प्रमुख पाहुणे उशिरा आले तर? खोटी कारणे देऊ नका. ‘पाहुणे वाटेत आहेत, तोवर प्रास्ताविक ऐकूया’ म्हणावे आणि पुढे जावे. वक्ते लांबले तर चिठ्ठी द्यायची की नाही, हे आयोजकांशी आधीच बोललेले असावे.

नाव घेतल्यावर वक्ते माइकपाशी पोचेपर्यंत जागा सोडू नका. नमस्कार करा, माइक त्यांच्या उंचीला आणून द्या आणि मग बाजूला व्हा. व्याख्यान मात्र खरेच ऐका, आणि मनाला लागलेले एक वाक्य टिपून ठेवा. आभार मानताना ते वाक्य त्यांना परत ऐकवा. वक्ते कोकणीत बोलले असतील तर शेवटी म्हणा, ‘देव बरें करूं.’