बायबलवरून वाद घालायचाय? आधी हे करा
आधी समोरचा कुठलं भाषांतर वाचतोय ते विचारा, नाहीतर दोघं दोन वेगळ्या मजकुरांवर भांडत बसाल. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) १६वा अध्याय घ्या, सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या बायबलच्या चौथ्या शतकातल्या ग्रीक हस्तलिखितांत तो ८व्या वचनालाच संपतो, पण १६११च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात पुढचं, श्रद्धावंत साप धरतील, विष प्यायले तरी त्यांना काही होणार नाही, हे सगळं आहे. त्यामुळे नास्तिकाने "मग पिऊन दाखव ना विष" म्हणण्याआधी ही वचनं जुन्या हस्तलिखितांत नाहीत अशी तळटीप आहे का ते बघावं आणि ख्रिस्ती माणसानेही नुसतं "संदर्भ बघा" म्हणून सटकू नये, अख्खा अध्याय वाचून दाखवावा. बायबलच्या मूळ भाषा, म्हणजे हिब्रू-ग्रीक, येत नसतील तर दोन-तीन भाषांतरं शेजारी उघडा. डिक्शनरीतला सोयीचा अर्थ उचलणं दोन्हीकडचे करतात, वैताग नुसता! समोरचा सारखा विषय बदलत असेल तर सरळ झोपायला जा.