स्कोअरबुकातून क्लबचा इतिहास आणि क्लबची पुढची फळी

क्रिकेट क्लबचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी गोळा होतात: जिंकलेल्या करंडकांची यादी आणि पुढे मोठ्या संघात गेलेल्या एखाद्या मुलाचा फोटो. त्यात खोटं काही नसतं, पण क्लबने मुलं कशी घडवली हे त्यातून कळत नाही. तो एक मुलगा कदाचित कुठल्याही क्लबात चमकलाच असता. बाराव्या वर्षी किती जण आले, त्यातले सतराव्या वर्षी किती खेळत होते आणि मधले कुठे गळाले, हे पाहायचं तर स्कोअरबुकंच उघडावी लागतात. म्हणून इतिहास लिहिण्याचं काम आणि कनिष्ठ गट चालवण्याचं काम एकाच माणसाकडे नसलं, तरी एकाच टेबलावर व्हावं.

आधी वह्या वाचवा

जुन्या वह्या सहसा किटच्या पेटीत, ओल्या पॅडांच्या शेजारी पडलेल्या असतात. त्या बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर सुकवा, उन्हात नको. उन्हाने शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडतो आणि खालची अक्षरं घेऊन निघतो. सुटी पानं साध्या कागदी पाकिटात ठेवा. वहीत काही लिहायचंच झालं तर शिसपेन्सिलीने आणि समासात लिहा.

मग प्रत्येक पानाचा फोटो काढा. दिवसाचा उजेड, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर आणि एका फोटोत एकच पान. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी संघ. म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते. पानावर तारीख नसेल तर अंदाजाची तारीख टाकू नका. आधीच्या आणि नंतरच्या सामन्याची तारीख लिहून ‘यांच्या दरम्यान’ असं नोंदवा. एक प्रत मोबाइलबाहेर, दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात ठेवा.

बेरीज जुळल्याशिवाय आकडा उचलू नका

एखाद्याने एका मोसमात किती बळी घेतले, हे पानावरून थेट उतरवलं की चूक ठरलेली. प्रत्येक डाव तीन बाजूंनी तपासावा लागतो. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण धावा. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय (चेंडू बॅटला न लागता पळून काढलेल्या धावा) म्हणजेही तीच संख्या. आणि गोलंदाजांचे बळी अधिक धावचीत म्हणजे पडलेले गडी.

दुसऱ्या तपासणीत जुन्या वह्या हमखास अडवतात, कारण १९८० च्या दशकापर्यंत वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यावर धरायची पद्धत नव्हती. समजा एकूण १४८ आहेत. फलंदाजांच्या १२९, अवांतर १९: बाय ६, लेगबाय ४, वाइड ७, नो-बॉल २. गोलंदाजांच्या रकान्यांची बेरीज १३८ आली तर वही नव्या पद्धतीची. त्यात बाय-लेगबायचे १० मिळवले की १४८. ती १२९ च आली तर वही जुन्या पद्धतीची आणि सगळं अवांतर वरून मिळवायचं. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच तक्त्यात मिसळता येत नाहीत. मिसळले तर जुना गोलंदाज फुकटात काटकसरी ठरतो. सगळ्या क्लबांनी ही पद्धत एकाच वर्षी बदलली नाही, तेव्हा प्रत्येक वही स्वतंत्रपणे तपासा. बेरीज यातल्या कशालाच जुळली नाही आणि फरक ४ चा असला तर बहुधा एक चौकार एकाच बाजूला टिपला गेलाय. अशा वेळी आकडा ‘दुरुस्त’ करू नका. जसा आहे तसा उतरवा आणि शेजारी फरक लिहा.

आणखी दोन खाचखळगे आहेत. क्रिकेटच्या २००० च्या नियमसंहितेपूर्वी नो-बॉलवर फलंदाजाने धावा काढल्या तर दंडाची वेगळी धाव मिळत नसे. त्यामुळे जुन्या पानावर नो-बॉल २ दिसले तरी प्रत्यक्षात जास्त पडलेले असू शकतात. शिवाय षटक नेहमी सहाच चेंडूंचं असेल असं धरू नका. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंचं षटक होतं. पानावरच्या दोन-तीन षटकांच्या चौकटींत चेंडूंच्या खुणा मोजा, लगेच कळतं.

जुन्या खेळाडूंशी बोलायचं ते वह्या तपासून झाल्यावर. नुसतं ‘तेव्हाचं सांगा’ म्हटलं की ठरलेले चार किस्से येतात. त्याऐवजी ठरावीक सामन्याचं पान समोर ठेवा आणि विचारा: सातव्या क्रमांकावरचा हा कोण, तो पुढच्या मोसमात का दिसत नाही, तेव्हा सरावाला चेंडू किती असायचे? पान समोर असलं की आठवण नेमकी होते आणि वाढवून सांगणंही कमी होतं. स्थापनेच्या वर्षावरून वाद निघतोच. तिथे ‘स्थापना’ असं ठासून न लिहिता ‘पहिली लेखी नोंद’ म्हणा आणि ती पावती आहे, पत्र आहे की सामन्याचं पान, ते सांगा.

मुलांचा तक्ता

वह्यांतून क्लबच्या मुलांचा एक तक्ता तयार करा. दर मुलामागे एक ओळ: जन्मतारीख, आला तो मोसम, शेवटचा मोसम, दर मोसमातले सामने, खेळलेले चेंडू, टाकलेली षटकं. जुन्या वह्यांत फलंदाजाने खेळलेले चेंडू बहुधा मिळत नाहीत. तिथे फलंदाजीचा क्रमांक लिहा. धावा आणि बळी यात मुद्दाम नाहीत, ते नंतर. हा तक्ता क्लबच्या आतच राहू द्या. अल्पवयीन मुलांच्या जन्मतारखा आणि फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही लावायचे नाहीत.

आता प्रत्येक मुलाच्या शेवटच्या मोसमात एकच गोष्ट मोजा: ज्यांत तो सहाहून कमी चेंडू खेळला आणि एकही षटक टाकलं नाही, असे सामने किती? गळालेल्या मुलांच्या ओळींत हा आकडा मोठा दिसला तर ‘पोरांना आता खेळात रस राहिला नाही’ ही तक्रार बंद करावी. दिवसभर फाइन लेगला, म्हणजे यष्टीमागे दूर सीमेजवळ, उभं राहण्यात रस कुणाला असणार? उपाय कप्तानाच्या मर्जीवर सोडू नका, लिहून ठेवा: १३ वर्षांखालच्या मैत्रीपूर्ण सामन्यांत फलंदाजाने २५ चेंडू खेळले की निवृत्त व्हायचं आणि सगळे बाद झाल्यावरच परत यायचं, यष्टिरक्षक सोडून प्रत्येकाने किमान दोन षटकं टाकायची, या सामन्यात जो शेवटच्या तिघांत खेळला तो पुढच्या सामन्यात पहिल्या चौघांत. काही सामने हराल. त्या वयात ते परवडतं.

जन्माचे महिनेही पाहा. वयोगट ज्या तारखेला बदलतो त्यानंतर लगेच जन्मलेली मुलं त्या गटात जवळजवळ वर्षाने मोठी असतात. अंगाने भरलेली असल्यामुळे तीच निवडली जातात, त्यांनाच जास्त चेंडू खेळायला मिळतात आणि दोन वर्षांनी तीच खरोखर सरस दिसतात. निवड झाली की यादीवर जन्ममहिने लिहून बघा. तीन चतुर्थांश नावं वयोगटाच्या वर्षाच्या (बदलाच्या तारखेपासून मोजलेल्या) पहिल्या अर्ध्यातली असतील तर तुम्ही क्रिकेट नव्हे, उंची निवडली आहे.

खेळपट्टी आणि चेंडू

मनगटाने चेंडू फिरवणारे लेगस्पिनर का टिकत नाहीत याचं उत्तर पुष्कळदा खेळपट्टीच्या लांबीत असतं. पूर्ण खेळपट्टी २०.१२ मीटरची. अकरा वर्षांच्या मुलाने तिच्यावर चेंडूला उंची दिली तर तो दोन टप्पे पडतो. पोचवायचा म्हणून तो जोर लावतो, मनगट कडक होतं, चेंडू सपाट जातो आणि फिरत नाही. दोन फुलटॉस सीमेपार गेले की कप्तान चेंडू काढून घेतो, आणि पुढच्या मोसमात तोच मुलगा मध्यमगती टाकताना दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सामन्यांत लहानांसाठी १६ मीटर आणि पुढच्या टप्प्याला १८ मीटरची खेळपट्टी वापरतात. त्यासाठी नवी खेळपट्टी बांधायला नको. एका टोकाच्या यष्टी पुढे घेऊन चुन्याची नवी रेघ मारली की झालं; फक्त गोलंदाजाचं पाऊल खेळपट्टीच्या मधल्या भागात पडणार असेल तर त्या सामन्यासाठी कडेची जुनी पट्टी घ्या.

चेंडूचंही तसंच. पुरुषांच्या चेंडूचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, तर नियमांत १३ वर्षांखालच्यांसाठी १३३ ते १४४ ग्रॅम. मोठा चेंडू लहान हातात बोटांवर धरता येत नाही, तो तळव्यात जातो. शिवण सरळ राहत नाही आणि फिरकीवाल्याची बोटं चेंडूवरून ओढली जात नाहीत. ‘आत्तापासून मोठ्या चेंडूची सवय होऊ दे’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो चुकीचा आहे.

बॅट तपासायला मूल बूट घालून सरळ उभं करा आणि बॅट पायाला टेकवून ठेवा. मुठीचं टोक मांडी आणि कंबर मिळतात तिथवर यावं. मग वरच्या एकाच हाताने बॅट उचलून सरळ धरायला सांगा. ती लगेच कलली तर जड आहे. जड बॅटने खालचा हात जोर लावतो आणि प्रत्येक फटका आडवा जातो. मग प्रशिक्षक महिनोन्‌महिने कोपर सुधारत बसतो.

वेगवान गोलंदाजाची पाठ

इथे हयगय नको. वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका वेगवान गोलंदाजांना सगळ्यात जास्त. इंग्लंड आणि वेल्सच्या क्रिकेट मंडळाने बरीच वर्षं वापरलेली मर्यादा कुठल्याही क्लबने डोळे झाकून घ्यावी अशी आहे: १३ वर्षांखाली एका स्पेलमध्ये (एका टोकाकडून सलग) ५ षटकं आणि दिवसात १०, १४ आणि १५ वर्षांखाली ६ आणि १२, १६ आणि १७ वर्षांखाली ७ आणि १८. स्पेल संपल्यावर त्याच टोकाकडून तितकीच षटकं होईपर्यंत परत गोलंदाजी नाही.

ही मर्यादा मोडते कुठे, तर सरावात. सामन्यात षटकं मोजली जातात, नेटमध्ये कुणी मोजत नाही. शाळेचा संघ, क्लब आणि वरच्या वयोगटाची निवड अशी तिन्हीकडे टाकणारी चांगली मुलंच दुखावतात. मुलाच्या किटमध्ये एक छोटी वही ठेवा. कुठेही टाकलेले चेंडू त्याच रात्री त्यात.

दर तीन महिन्यांनी, एकाच भिंतीशी, अनवाणी उंची मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ झाली तर झपाट्याने वाढण्याचा काळ आहे असं समजा आणि तेवढ्या काळापुरती गोलंदाजी कमी करा. याच काळात धावत येण्याची पावलं चुकतात, लय जाते. ते आळसाने नसतं. उजव्या हाताने टाकणाऱ्याची कंबर डाव्या बाजूला दुखत असेल आणि मागे वाकल्यावर दुखणं वाढत असेल, तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे. मलम लावून पुढचा सामना खेळवू नका.

सोळा मुलं, दोन नेट, दीड तास

नेहमीचं दृश्य असं: एका नेटसमोर दहा गोलंदाज रांगेत, दोघं खेळतायत, बाकीचे गप्पा मारतायत. त्याऐवजी पहिली १० मिनिटं अंग मोकळं करायला आणि मग २० मिनिटांच्या चार फेऱ्या. चार-चारांचे चार गट करा. एक गट फलंदाजीला, दोन गट गोलंदाजीला (दर नेटला एक), एक बाहेर क्षेत्ररक्षणाला. पहिल्या गटाचा क्रम फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, गोलंदाजी. दुसरा गट याच चक्रात एक घर पुढून सुरू करतो, तिसरा दोन घरं, चौथा तीन. अशाने कुठल्याच गटाला लागोपाठ दोन फेऱ्या गोलंदाजी येत नाही.

प्रत्येक नेटमध्ये एका वेळी एकच फलंदाज, १० मिनिटांनी दुसरा. दर १५ सेकंदांनी एक चेंडू धरला तर प्रत्येकाला ४० चेंडू खेळायला मिळतात आणि प्रत्येकजण दोन फेऱ्यांत मिळून ४० च्या आसपास टाकतो, म्हणजे सात षटकांच्या आत. एका नेटला चार चेंडू हातात आणि दोन राखीव लागतात. चेंडू कमी पडले की वेळापत्रक कोलमडतं, कारण अर्धा वेळ वेचण्यात जातो.

फलंदाज चेंडू मारून परत देताना गोलंदाजांकडे टोलवू नये. हाताने उचलून टाकावा. नेटमधल्या दुखापतींना हेच कारण पुरतं. हेल्मेट लहान चेंडूने तपासा: छज्जा आणि जाळीच्या मधल्या फटीत तो दाबून बघा. मोठ्यांच्या चेंडूसाठी बसवलेल्या फटीतून लहान चेंडू आत जाऊ शकतो. आणि सामन्यात १३ वर्षांखालच्या क्षेत्ररक्षकाला फलंदाजाच्या मधल्या यष्टीपासून १० मीटरच्या आत, १५ वर्षांखालच्याला ७.३ मीटरच्या आत उभं करू नका. अपवाद फक्त ऑफच्या बाजूला यष्टीमागच्या जागांचा.

मोसम संपला की स्कोअरबुकाच्या शेवटच्या पानावर चार गोष्टी लिहा: किती मुलं आली, किती राहिली, सोडून गेलेल्या प्रत्येकाचं कारण (त्याला किंवा पालकांना विचारून, अंदाजाने नव्हे) आणि कनिष्ठ सामने किती लांबीच्या खेळपट्टीवर, कोणत्या वजनाच्या चेंडूने झाले. खाली लिहिणाऱ्याची सही आणि तारीख.