बजी पाळताय? पिंजरा, दाणा आणि मडकं आधी नीट बघा

बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जी हिरवी-पिवळी किंवा निळी-पांढरी जोडी मिळते, ती बहुतेक वेळा बजरीगरची, म्हणजे बजीची असते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवर थव्याने राहणारा हा छोटा पोपट, वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. तो पाळायला कायद्याची आडकाठी नाही. आपला कंठवाला हिरवा पोपट मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. झाडाखाली सापडलेलं त्याचं पिल्लूसुद्धा घरी ठेवणं गुन्हा आहे.

नीट सांभाळला तर बजी ७-८ वर्षं सहज जगतो. दोन-तीन वर्षांतच दगावणाऱ्या पक्ष्यांमागे बहुधा तीच तीन कारणं असतात: अरुंद पिंजरा, नुसता दाणा आणि अंडी घालायला बारा महिने टांगलेलं मडकं.

१. पिंजरा आणि त्याची जागा

जोडीसाठी पिंजरा किमान ३० इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच हवा. बजी आडवा उडतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. गोल पिंजरा दिसायला छान, पण त्यात पंख पसरून उडायला सरळ जागाच मिळत नाही. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं.

नव्या जाळीवर जस्ताचा थर असतो. पक्षी दिवसभर जाळी चावतो आणि ते जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. म्हणून वापरण्याआधी व्हिनेगर घातलेल्या पाण्याने जाळी ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. गंजलेला किंवा रंगाचे पोपडे सुटलेला जुना पिंजरा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

बसायला पिंजऱ्यासोबत आलेल्या प्लास्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावा. एक ते दीड सेंटिमीटर जाडीच्या, वेड्यावाकड्या, फवारणी न झालेल्या. एकसारख्या गुळगुळीत दांडीवर तळव्याच्या एकाच जागी भार पडतो आणि तिथे लाली, मग फोड येतात. दाण्या-पाण्याच्या भांड्यावर फांदी येऊ देऊ नका, विष्ठा थेट आत पडते.

पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लावून ठेवा. पाठीशी भिंत असली की पक्षी निर्धास्त बसतो. स्वयंपाकघरात मात्र कधीही नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की कोटिंगमधून जो धूर सुटतो, त्याने माणसाला फारसं काही जाणवत नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर हे सगळंही त्याच्या फुप्फुसांना घातक. देवघराच्या शेजारी पिंजरा टांगलेला असेल तर आजच हलवा.

२. खाणं

रोजचा दाणा म्हणजे सालासकट राळा, त्यात थोडी बाजरी आणि मिळालं तर कॅनरी सीड. एका पक्ष्याला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे पुरतात. सूर्यफुलाच्या बिया चरबी वाढवतात, त्या फक्त हाताळायची सवय लावताना, एखाद-दुसरी.

बजी दाणा चोचीत फिरवून सोलतो आणि साल पुन्हा त्याच वाटीत टाकतो. दोन दिवसांनी वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि आत निव्वळ फोलपटं असतात. 'दाणा होता की' असं म्हणत पक्षी उपाशी मरतो तो असा. रोज सकाळी वाटीवर हलकी फुंकर मारा, सालं उडाली की खरा दाणा किती उरलाय ते कळतं.

नुसत्या दाण्यावर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन कमी पडतं. म्हणून हिरवा पाला रोज हवाच: कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, कोवळं मक्याचं कणीस. पालक अधूनमधून, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. पाला अर्धा तास पाण्यात ठेवून दोनदा धुवा. बजी नवीन खाण्याला घाबरतो. ओली कोथिंबिरीची जुडी सकाळी, दाण्याची वाटी ठेवायच्या आधी, त्याच्या आवडत्या फांदीजवळ बांधा. आधी तो नुसतं पाणी चाटेल, मग कुरतडेल. यात काही आठवडे जाऊ शकतात. तासाभरात दाणा द्याच. उपाशी ठेवून पाला खायला लावू नका, इतक्या छोट्या जिवाला उपास झेपत नाही. उरलेला पाला दोन-तीन तासांत काढून टाका.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं हाड) जाळीला अडकवून ठेवा, मऊ बाजू पक्ष्याकडे. काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतो. आयोडीनचा ठोकळा पक्ष्यांच्या दुकानात मिळतो. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारवलेलं काहीही आणि सफरचंदाच्या बिया अजिबात नकोत.

पाणी रोज बदला, उन्हाळ्यात दोनदा. पाण्यात टॉनिक घालायची सवय वाईट: पाणी लवकर नासतं आणि चव बदलली की पक्षी पिणंच कमी करतो.

३. मडकं काढा

जोडीसोबत दुकानदार मडकं देतोच. बजीसाठी ते झोपायचं घर नव्हे, अंडी घालायची ढोली आहे. ढोली समोर असली की मादी अंडी घालतच राहते. प्रत्येक अंड्याच्या कवचाला तिच्या शरीरातलं कॅल्शियम जातं. ते संपलं की अंडं आत अडकतं. मादी पिसं फुगवून तळाशी बसते, शेपूट वर-खाली हलवत जोर करते. यात काही तासांचाच वेळ हाताशी असतो. पिल्लं हवी नसतील तर मडकं लावूच नका. हवी असतील तर दोघंही किमान वर्षाची झाल्यावर लावा, वर्षातून दोन विणींच्या वर जाऊ नका आणि मग मडकं उतरवून ठेवा. आधीच अंडी असतील तर ती एकेक करून उचलू नका, मादी भरपाईला आणखी घालते.

४. रोजचा दिनक्रम

रात्री १० ते १२ तासांची अंधारी, शांत झोप हवी. टीव्हीच्या खोलीत पिंजरा असेल तर संध्याकाळी दुसरीकडे न्या. दिवसातून तासभर बाहेर उडू द्या, पण त्याआधी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, आरसा झाकलेला, बादल्या-पिंपांवर झाकण. पंखा बंद केला तरी पाती पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नका. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी उथळ ताटलीत पाणी द्या, तो स्वतःच अंघोळ करतो.

तळाचा कागद रोज बदला आणि काढण्याआधी त्यावर पाणी शिंपडा. सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. घरात कुणाला ताप-खोकला लांबला तर डॉक्टरांना पक्षी असल्याचं सांगा.

उन्हाळ्यात चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून पक्षी धापा टाकत असेल तर त्याला ताबडतोब गार खोलीत हलवा आणि पाण्याचा बारीक फवारा द्या. कूलरचा झोत थेट नको. पावसाळ्यात दाणा थोडाथोडाच आणा. कुबट वास आला की सगळा फेका, बुरशीचं विष यकृतावर जातं.

५. आजार ओळखणं

पक्षी दुखणं लपवतो. दिसेपर्यंत ते वाढलेलं असतं. म्हणून किचनच्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा सकाळी वजन करा आणि लिहून ठेवा. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे ३-४ ग्रॅम घटले तर बाकी काही दिसत नसलं तरी डॉक्टर गाठा. दिवसा फुगून झोपणं, तळाशी बसणं, श्वासासोबत शेपूट हलणं, गुदाभोवती पिसं चिकटणं ही थांबून बघण्याची लक्षणं नाहीत.

चोचीवर आणि नाकपुड्यांभोवती बारीक छिद्रांची पांढरट खरपुडी दिसली तर ती खरजेच्या बारीक किडीमुळे (माइट) झालेली खरूज. वजन मोजून दिलेल्या आयव्हरमेक्टिनने ती बरी होते, मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची. मादीच्या नाकावरचा भाग नुसताच तपकिरी झाला असेल तर ती विणीची तयारी आहे, आजार नव्हे. दुकानातली पाण्यात टाकायची पिवळी पावडर देऊ नका. औषध किती पोटात गेलं ते कळत नाही आणि खरा आजार झाकला जातो.

डॉक्टरकडे नेताना छोटा खोका किंवा पिंजरा कापडाने झाका, आत ऊब राहू द्या, पाण्याची वाटी काढून काकडीचा काप ठेवा. त्या दिवशीचा तळाचा कागद तसाच घडी करून सोबत न्या. विष्ठेचा रंग आणि पातळपणा बघून डॉक्टरांना निम्मी दिशा तिथेच मिळते.