भटक्या-विमुक्तांमध्ये काम करणाऱ्या छोट्या संस्थेने अनुदान कसे मिळवावे

१८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने विमुक्त झाल्या. पोलिसांच्या, शाळेच्या आणि शेजारच्या गावाच्या नजरेतून मात्र तो शिक्का आजही पुसला गेलेला नाही. महाराष्ट्रात कैकाडी, रामोशी, कंजारभाट, मसणजोगी, डवरी गोसावी अशा समाजांमध्ये काम करणाऱ्या पुष्कळ संस्था त्याच समाजातल्या दोन-चार शिकलेल्या तरुणांनी उभ्या केलेल्या असतात. त्यांना पालावरचे प्रश्न तोंडपाठ असतात, पण अर्ज लिहिण्याची सवय नसते. आणि निधी अनेकदा अर्ज उत्तम लिहिणाऱ्यांकडे जातो. ही तफावत अन्यायाची आहे, आणि अभ्यासाने ती बरीच कमी करता येते.

सुरुवात कागदांपासून करावी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखालील नोंदणी, पॅन, आयकर खात्याची कार्यकर्ते ज्यांना १२ए (संस्थेच्या करमाफीचे) आणि ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीचे) म्हणतात ती प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, एवढे एका फाइलमध्ये तयार हवे. मी पाहिलेले बहुतेक अर्ज मात्र यांपैकी कशावरही अडले नाहीत; ते अडले परिशिष्ट-१ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतील विश्वस्तांची नावे दाखवणाऱ्या उताऱ्यावर. विश्वस्त बदलला, कोणी वारले, कोणी राजीनामा दिला, की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो राहून जातो, आणि मग अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचे नाव उताऱ्यावर नसते, तर उताऱ्यावरचे खजिनदार चार वर्षांपूर्वी निवर्तलेले असतात. देणगीदार संस्थेचा छाननी अधिकारी हे पहिल्या दहा मिनिटांत पकडतो. म्हणून आज काही करायचे झाले, तर परिशिष्ट-१ ची ताजी नक्कल काढावी आणि नावे पडताळून पाहावीत. बदल अर्ज प्रलंबित असेल तर तो दाखल केल्याची पोच आणि संबंधित ठराव सोबत जोडून ती गोष्ट आपणहून सांगावी.

पैसा कोठून येतो, हे समजून घेतल्यास चुकीच्या दारावर वेळ जात नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मूल्य, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते (यालाच सीएसआर म्हणतात), आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करण्याच्या कामाचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्जात त्या तरतुदीचा आधार जरूर घ्यावा. या निधीसाठी संस्थेने सीएसआर-१ हा नमुना भरून क्रमांक घेतलेला असावा लागतो आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. कंपन्यांचा ओढा आपल्या कारखान्याच्या परिसराकडे असतो, म्हणून आधी आपल्या तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत कोण आहे ते पाहावे. टाटा ट्रस्ट्स, अझीम प्रेमजी फाउंडेशन किंवा क्राय यांच्यासारख्या संस्थांचे निकष वेगवेगळे आहेत. ते पूर्ण वाचल्याशिवाय एकच अर्ज सगळीकडे पाठवू नये.

परदेशी निधीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखालील नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी मिळालेली मोठी संस्था तो पुढे छोट्या संस्थेला देऊ शकत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाबाबत एक भेद लक्षात ठेवावा: तो अजून भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही, त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ठरते. देणगी स्वीकारण्यापूर्वी पासपोर्टची प्रत मागण्यात संकोच करू नये.

आता प्रत्यक्ष प्रस्ताव. ‘वंचित घटकांचे सर्वांगीण सक्षमीकरण’ असे वाक्य कोणत्याही संस्थेला लिहिता येते, म्हणूनच ते तुमच्याविषयी काही सांगत नाही. समजा, तुम्ही मसणजोगींच्या साठ पालांच्या वस्तीवर दाखले मिळवून देण्याचे काम करता. तर असे लिहावे की, भटक्या जमातीच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्या कुटुंबाचे आजोबा एका गावात पंधरा दिवसांहून अधिक थांबत नसत, त्यांच्याकडे तो असत नाही. म्हणून आमचा कार्यकर्ता नातेवाइकांच्या शाळांतून निर्गम उतारे शोधतो, कोतवाल बुकाच्या (गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला काढतो आणि स्थानिक गृहचौकशीसाठी तलाठ्याकडे पाठपुरावा करतो. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आश्रमशाळेनंतर वसतिगृह नाही, ही साखळी मग देणगीदाराला तुम्ही समजावून सांगावी लागत नाही. त्याच्याखाली तुमच्या वहीतले आकडे द्यावेत: किती माणसांपैकी किती जणांकडे दाखला आहे, किती अर्ज केले, किती नाकारले गेले आणि कोणत्या कारणाने. नाकारलेले अर्ज लपवू नयेत, कारण काम किती कठीण आहे हे त्यांतूनच कळते.

अंदाजपत्रकात स्वतःला स्वस्त दाखवण्याचा मोह मला सर्वांत घातक वाटतो. वरील कामासाठी वर्षाचा हिशेब असा बसू शकतो: दोन कार्यकर्त्यांचे मानधन दरमहा १५,००० रुपयांप्रमाणे ३,६०,०००, त्यांचा प्रवास ६०,०००, दीडशे जणांच्या नकला, छायाचित्रे, तालुक्याला येण्या-जाण्याचे भाडे आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी मिळून प्रत्येकी ६०० प्रमाणे ९०,०००, जागा व फोन ४०,०००, हिशेबनीस व लेखापरीक्षण ५०,०००, एकूण ६ लाख रुपये. बुडालेल्या मजुरीबद्दल प्रश्न विचारला जाईल. उत्तर सरळ द्यावे: रोज कमावून रोज खाणारी बाई मजुरी बुडवून तीन वेळा तहसील कार्यालयात येऊ शकत नाही, आणि ती आली नाही तर दाखला होत नाही. मानधन निम्म्यावर आणून प्रस्ताव मंजूर करून घेतला, तर सहाव्या महिन्यात कार्यकर्ता वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातो आणि सगळे काम तिथेच थांबते.

रक्कम मंजूर झाल्यावर करारनामा सहीपूर्वी पूर्ण वाचावा आणि हप्ते, अहवालांच्या तारखा व न खर्चलेल्या रकमेची अट वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावी. प्रत्येक प्रकल्पाची खातेवही स्वतंत्र ठेवावी. तलाठ्यांचा संप, निवडणूक आचारसंहिता किंवा वस्तीच उठवली जाणे, अशा कारणाने काम मागे पडले, तर उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) देण्याच्या वेळेची वाट न पाहता त्याच आठवड्यात लेखी कळवावे आणि खर्चाचे शीर्ष बदलायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. अर्ज नामंजूर झाला, तर कारण विचारणारे दोन ओळींचे नम्र पत्र पाठवावे; उत्तर आल्यास ते प्रस्तावाच्या प्रतीलाच टाचून ठेवावे, म्हणजे पुढचा अर्ज लिहिणाऱ्या सहकाऱ्याच्या ते हाताशी राहील.