गर्भपाताची खरी माहिती आणि सुरक्षित सेवा कशी मिळवावी

पाळी चुकलीय, घरच्या टेस्टवर दोन रेघा उमटल्यात आणि हे गरोदरपण नको आहे. अशा वेळी बऱ्याच बायका आधी मोबाईलवर शोधतात, मग मैत्रिणीला विचारतात, मग कुणाला तरी मेडिकलमध्ये गोळ्या आणायला पाठवतात. डॉक्टरकडे जाणं सगळ्यात शेवटी होतं, आणि तोवर मोलाचे दिवस हातचे गेलेले असतात. हा क्रम उलटा करावा, यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. भारतात गर्भपात कायदेशीर आहे. 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा (इंग्रजीत एमटीपी कायदा) 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. ज्या समितीच्या अहवालावर तो उभा आहे, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. तरी आजही अनेकींना वाटतं की आपण काहीतरी गुन्हा करतोय. याचं एक मोठं कारण म्हणजे प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये लावलेला ‘गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे’ हा बोर्ड. तो बोर्ड बरोबरच आहे, पण तो वेगळ्या कायद्याचा आहे. मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा आहे. नको असलेलं गरोदरपण कायद्याच्या चौकटीत, नोंदणीकृत डॉक्टरकडून थांबवणं हा गुन्हा नाही.

आधी आठवडे मोजा

पुढचं सगळं या एका आकड्यावर ठरतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. संबंध आला त्या दिवसापासून नाही. समजा पाळी 1 जूनला आली होती आणि आज 20 जुलै आहे, तर 7 आठवडे झाले. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर सोनोग्राफीत नेमकं कळतं.

तारीख कागदावर लिहून ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील. आकडा काढला की कायदा असा समजून घ्या:

- 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. बाईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, गर्भात गंभीर व्यंग, बलात्कार, गर्भनिरोधक फसणं ही कारणं कायद्याला मान्य आहेत.
- 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ही मुदत ठरावीक स्त्रियांसाठी आहे: लैंगिक अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, मोठं अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या, किंवा गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या.
- 24 आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडे, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाकडे, जावं लागतं. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल, तर आठवड्यांची अट आड येत नाही.

मग माहिती पारखा

इंटरनेटवर जुनी माहिती खूप पडून आहे. 2021 मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 24 सप्टेंबर 2021 पासून लागू आहे. एखाद्या पानावर ‘कमाल मर्यादा 20 आठवडे’ असं लिहिलं असेल, किंवा गर्भनिरोधक फसल्याचं कारण ‘फक्त विवाहित स्त्रीला’ चालतं असं म्हटलं असेल, तर ते पान त्या दुरुस्तीच्या आधीचं आहे. दुरुस्तीत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आले. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीचा हक्क विवाहितेइतकाच आहे, असा स्पष्ट निकालही दिला.

तारीख न विचारता व्हॉट्सअॅपवर गोळ्या घरपोच पाठवणारा कुणीही असो, तिथून मागे फिरा. ‘एकदा पाडलं की पुन्हा मूल होत नाही’ असं घाबरवणाऱ्याचंही ऐकू नका. योग्य ठिकाणी, योग्य पद्धतीने केलेल्या गर्भपातामुळे पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. कच्ची पपई, काढे, पोटावर दाब देणं यांच्या वाटेला जाऊ नका. हे उपाय नाहीत. त्यात वेळ तर जातोच, कधीकधी जीवही धोक्यात येतो.

आणखी एक गल्लत नेहमी होते. 72 तासांच्या आत घ्यायची आय-पिल गर्भधारणा टाळण्यासाठी असते. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर ती घेऊन काहीही होत नाही.

कुठे जायचं

सरकारी रुग्णालय हा पहिला पर्याय म्हणून बघा. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचं सिव्हिल, महिला रुग्णालय, मेडिकल कॉलेज यांपैकी जवळचं कोणतं ते बघा. प्रत्येक ठिकाणी ही सेवा रोज मिळेलच असं नाही, कारण स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असावे लागतात. म्हणून आधी चौकशी करून जा. गावात आशाताईंवर विश्वास असेल तर त्यांना विचारा. नसेल, किंवा त्या सासरच्या नात्यातल्या असतील, तर आरोग्य सल्ल्याच्या 104 या हेल्पलाइनवर फोन करा. गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) आणि म्हापसा-मडगावची जिल्हा रुग्णालयं आहेत.

खासगी दवाखान्यात फोन करताना संकोचाने आडवळण घेऊ नका. थेट विचारा: ‘तुमच्याकडे एमटीपी (गर्भपात) सेंटरची मान्यता आहे का? किती आठवड्यांपर्यंत?’ काही सेंटर फक्त 12 आठवड्यांपर्यंत मान्यताप्राप्त असतात, काही त्यापुढेही. तिथे गेल्यावर भिंतीकडे बघा. सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र, ज्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात, ते दिसेल असं लावलेलं असायला हवं. ते नसेल आणि विचारल्यावर टाळाटाळ होत असेल, तर चपला घालून निघा. बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरांना गर्भपात करण्याची परवानगी या कायद्यात नाही, मग ते कितीही ओळखीचे आणि मायाळू असले तरी.

मुंबईतच स्थापन झालेली फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया 1949 पासून या क्षेत्रात आहे, तिच्या केंद्रांवरही समुपदेशन मिळतं. खर्चाचा आकडा मात्र आधीच विचारून घ्या, तपासण्या आणि औषधं धरून.

सही कोणाची

सर्वाधिक अडवणूक इथे होते, म्हणून हे नीट वाचा. तुमचं वय 18 पूर्ण असेल तर गर्भपातासाठी सही फक्त तुमची लागते. नवऱ्याची, सासूची, आईवडिलांची, कुणाचीही नाही. संमतीचा अर्ज म्हणजे ‘फॉर्म सी’. तो अगदी छोटा आहे: नाव, वय, पत्ता आणि माझी संमती आहे एवढंच. त्यात नवऱ्याच्या सहीसाठी जागाच नाही. तरी काउंटरवर ‘मिस्टरांना घेऊन या’ असं सांगितलं जातंच. त्यावर आवाज न चढवता म्हणा, ‘मी सज्ञान आहे, फॉर्म सीवर माझीच सही लागते.’ तरी ऐकलं नाही, तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटायचंय असं सांगा. लग्नाचा दाखला दाखवणंही बंधनकारक नाही. सोनोग्राफीसाठी मात्र ओळखपत्र मागतात. ते गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालच्या फॉर्मसाठी असतं, तेव्हा बरोबर ठेवा.

तुमचं नाव गुप्त ठेवणं ही डॉक्टरची कायदेशीर जबाबदारी आहे. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय इतर कुणाला ते सांगितल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मुलगी 18 पेक्षा लहान असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या कायद्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावंही लागतं. पण 2022 च्या त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं आहे की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. पोलिसांच्या भीतीने मुलीला भोंदूकडे नेण्याआधी हे लक्षात घ्या. तिला आधार देणारं घरात कुणीच नसेल तर 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

गोळ्या की प्रक्रिया

9 आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. मिफेप्रिस्टोन आणि मिझोप्रोस्टॉल ही दोन औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतात. महाराष्ट्रात अनेक मेडिकलवाले कारवाईच्या भीतीने ती ठेवतच नाहीत, त्यामुळे ‘गोळ्या तुमच्याकडेच मिळतील का’ असं डॉक्टरलाच विचारा. चिठ्ठीचा आग्रह उगाच नाही. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल, तर या गोळ्या काहीच करत नाहीत आणि नळी फुटली की जिवावर बेततं. अंगात रक्त फार कमी असेल, गोठण्याचा त्रास असेल, कॉपर-टी आत असेल, तर तेही आधी कळायला हवं.

प्रक्रिया करायची असेल तर कोणती, हे विचारा. आपल्याकडे सर्रास ‘क्युरेटिंग’ म्हणतात, पण जुन्या पद्धतीने खरवडून पिशवी साफ करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. साधारण 12-14 आठवड्यांपर्यंत व्हॅक्यूमची पद्धत सुरक्षित आणि थोड्या वेळाची आहे. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात.

गोळ्या कुठूनही घेतल्या असोत, पुढचं काही दिसलं तर ताबडतोब रुग्णालय गाठा: लागोपाठ दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजणं, एक दिवसाहून जास्त टिकणारा ताप, घाण वासाचा स्राव, औषधानेही न थांबणारं पोटातलं दुखणं, एका बाजूला किंवा खांद्यात कळ, चक्कर येऊन पडणं. 108 ला फोन करा. आणि डॉक्टरला खरं सांगा. काय घेतलं, कधी घेतलं हे कळलं की उपचार लवकर आणि नेमका होतो.

उशीर झाला असेल तर

गर्भातलं व्यंग अनेकदा 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसतं आणि पुढच्या तपासण्यांत 24 आठवडे उलटतात. अशा वेळी तुमच्या डॉक्टरकडून रिपोर्टसह मेडिकल बोर्डाकडे अर्ज करा. ससून, जे.जे. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत बोर्ड असतं. नियमाप्रमाणे बोर्डाने अर्ज मिळाल्यापासून 3 दिवसांत मत द्यायचं आणि परवानगी असल्यास प्रक्रिया अर्जापासून 5 दिवसांत करायची. नकार आला तरी दार बंद होत नाही. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बोर्डाचं मत विरोधात असतानाही गर्भात गंभीर व्यंग असलेल्या स्त्रीला परवानगी दिली आणि निर्णय तिचाच, असं म्हटलं. वकिलाची फी परवडत नसेल तर मोफत विधी सेवेसाठी 15100 या क्रमांकावर फोन करा. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.

सोबत कोण

घरात मारहाण किंवा जबरदस्ती असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर आहे. मुंबईत बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र आता महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही आहे. तिथे दवाखान्यातच समुपदेशक भेटतात, त्यामुळे घरी ‘तपासणीला चाललेय’ एवढं सांगून जाता येतं. जबरदस्ती उलट्या बाजूनेही होते. तुम्हाला मूल हवं असताना कुणी पाडायला लावत असेल, तर डॉक्टरला एकटीने भेटून तसं सांगा. तुमच्या संमतीशिवाय गर्भपात करणं हा गंभीर गुन्हा आहे.

नंतर मन जड होऊ शकतं, सुटल्यासारखं वाटू शकतं, दोन्ही एकाच दिवशीही. बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, तिथे मराठीतूनही बोलतात.

दोन आठवड्यांनी सांगितल्याप्रमाणे तपासणीला जा, बरं वाटत असलं तरी. आणि पाळी यायची वाट न बघता गर्भनिरोधकाचं त्याच भेटीत ठरवा, कारण गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतसुद्धा पुन्हा दिवस जाऊ शकतात. व्हॅक्यूमची प्रक्रिया झाली असेल तर कॉपर-टी त्याच वेळी बसवता येते. पण तीही तुमच्या होकारानंतरच. ‘आधी कॉपर-टीला हो म्हणा, मग गर्भपात करू’ अशी अट कुणी घातली, तर ती मान्य करायची गरज नाही.