प्रवेशअर्जाच्या आधीचे सहा महिने

आयटीच्या नोकरीत तीन-चार वर्षे काढली, की पुढे शिकावे हा विचार बहुतेकांच्या मनात येतो आणि लगेच ‘कुठला कोर्स चांगला?’ अशी विचारपूस सुरू होते. माझे आग्रहाचे सांगणे असे, की त्याआधी एक वही घेऊन गेल्या वर्षभरात आपण कामात नेमके कुठे अडलो, ते लिहून काढावे. क्वेरी (डेटाबेसमधून माहिती मागणारी आज्ञा) संथ चालते, पण का ते सांगता येत नाही. मशीन लर्निंगचे मॉडेल वापरता येते, पण त्यामागचे गणित वाचता येत नाही. किंवा काम सगळे येते, परंतु बढतीसाठी पदव्युत्तर पदवीची अट आहे. या तीन अडचणींची उत्तरे निरनिराळी आहेत. पहिलीला एखादा विषय नीट शिकणे पुरते, दुसरीला गणिताच्या पायापासून एमटेकपर्यंतची (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर पदवीपर्यंतची) वाट धरावी लागते आणि तिसरीला मान्यताप्राप्त एमसीएसारख्या (संगणक उपयोजनातील पदव्युत्तर) पदवीशिवाय गत्यंतर नसते.

वाट ठरली, की तिची मान्यता तपासावी. एमसीए २०२०-२१पासून दोन वर्षांची झाली आहे आणि ती दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनेही करता येते. मात्र त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी आणि त्याच सत्रासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरस्थ शिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, परवानगी आहे का, हे यूजीसीच्या यादीत स्वतः पाहावे, सल्ला देणाऱ्याच्या तोंडी हमीवर थांबू नये. अशा प्रवेशासाठी २०२४पासून डीईबी आयडी (विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक) लागतो, तोही आधीच काढून ठेवावा. अभियांत्रिकीची पदवी मात्र दूरस्थ पद्धतीने मान्य नाही, त्यामुळे ‘घरबसल्या बीटेक’ अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू नये.

एमटेकचा विचार असेल तर गेट ही राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा आली. पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न आणि १०० गुण. त्यांतले १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे, जे नोकरदार माणूस थोड्या सरावाने मिळवू शकतो. डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स हा स्वतंत्र पेपर २०२४पासून सुरू झाला आहे. निकालानंतर स्कोअर तीन वर्षे चालतो, म्हणून नोकरी सोडण्याचा निर्णय झाला नसला तरी परीक्षा देऊन ठेवण्यात शहाणपण आहे. गेट पात्र विद्यार्थ्यांना एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते, पण ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांनाच. हा आकडा आपल्या सध्याच्या पगाराशेजारी लिहून घरच्यांसमोर ठेवावा.

मोठी फी भरण्यापूर्वी स्वतःची परीक्षा घेण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा एखादा बारा आठवड्यांचा कोर्स. नावनोंदणी मोफत असते, प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन पेपर द्यावा लागतो. प्रमाणपत्राहून मला त्यातले साप्ताहिक असाइनमेंट अधिक मोलाचे वाटते. शिफ्ट सांभाळून ते सलग बारा आठवडे मुदतीत देता आले, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम झेपेल असे मानायला हरकत नाही. चौथ्या आठवड्यातच खंड पडला, तर आधी दिनक्रम बदलावा आणि मग अर्ज करावा.

दिनक्रमाचे गणित सोलापुरात जरा वेगळे मांडावे लागते. अशोक चौकाच्या परिसरात आमच्या खोलीखालीच माग चालत असत आणि त्यांच्या खडखडाटात ध्वनिचित्रफीत ऐकताना वाक्यागणिक मागे जावे लागे. शेवटी व्हिडिओ ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पाहायचे, घरी फक्त गणिते सोडवायची आणि रविवारी अभ्यासिकेत बसायचे, अशी विभागणी केली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याचा दिवस वेळापत्रकात मोकळाच ठेवावा, कारण त्या दिवशी पहाटेचा अभ्यास होत नाही. गेट फेब्रुवारीत असते आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. पाहुण्यांची वर्दळ गृहीत धरून उजळणी डिसेंबरअखेर संपवावी.

सर्वांत जास्त वेळ खातात ती कागदपत्रे. दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावाचे एकेक अक्षर जुळवावे. एका कागदावर वडिलांचे नाव ‘व्यंकटेश’, दुसऱ्यावर ‘वेंकटेश’, हे आपल्याकडे हमखास घडते. माझ्या बाबतीत ते पडताळणीच्या खिडकीवर लक्षात आले आणि प्रतिज्ञापत्रासाठी धावताना एक रजा गेली, शिवाय पहिल्या फेरीची जागाही गेली. त्याची हळहळ आजही वाटते. जुन्या पदवीधरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले, त्याआधीची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असते आणि ट्रान्स्क्रिप्टसाठी (विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या गुणांच्या नोंदीसाठी) तिकडेच अर्ज करावा लागतो. २०१९मध्ये विद्यापीठाच्या नावात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आले, म्हणून अर्जात विद्यापीठ निवडताना गुणपत्रिकेवरील नावाशी ताडून पाहावे. नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेश त्यानंतर असेल तर नवे काढावे.

पैशांचा विचार मोजका, पण कागदावर करावा. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साधारणपणे ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. जुन्या करप्रणालीत व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मुद्दलावर नाही. कंपनी फी देणार असेल, तर किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही आणि सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल, ही दोन कलमे सहीपूर्वी वाचावीत.

पुण्यातील संस्थेत शनिवार-रविवारचे वर्ग असतील, तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून सुमारे २५० किलोमीटर जाणे आणि संध्याकाळी परतणे किती आठवडे निभेल, हे दोन शनिवार प्रत्यक्ष करून पाहावे. आणि शैक्षणिक वेळापत्रक हाती पडताच परीक्षांच्या तारखा व्यवस्थापकांना ईमेलने कळवून रजा मंजूर करून घ्यावी; तोंडी ‘बघू’ म्हटलेली रजा सॉफ्टवेअर रिलीजच्या आठवड्यात मिळत नाही.